धड कुणाचं, डोकं कुणाचं?

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. मामा साताऱ्याकडचा, घरचा ऊस आणि हळद. फोनवर तो पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसत नाही, थेट मुद्द्यावर येतो. "जीपची चासी गंजलीय. मिस्त्री म्हणतोय, ॲक्सिडेंटच्या पिकअपची चासी स्वस्तात मिळतीय. वरचं खोकं आपलंच ठेवायचं आणि खालचं सगळं नवं. इंजिन, गिअर, ब्रेक, सगळं. करू का? तू कॉम्प्युटरवाला आहेस, बघून सांग."

आता चासीचा आणि कॉम्प्युटरवाल्याचा काय संबंध, हे मामाला विचारण्यात अर्थ नसतो. मागे त्याने मला मोटारीचा पंप जळल्यावरही असाच फोन केला होता. पण ही जीप १९८९ सालची. आमच्या घरातल्या तीन वराती तिच्यातून निघाल्या आणि आजोबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. त्यामुळे "गुगल करून सांगतो" म्हणून विषय टाळता येईना. दोन शनिवार-रविवार वाचनात गेले आणि त्यातून हाती लागला तो एक मजेदार इतिहास. म्हटलं, मामाला सांगायच्या आधी इथे लिहून काढावा.

सुरुवात आपल्या रस्त्यावरच्या एका दृश्यापासून करतो. पुणे-मुंबई किंवा पुणे-नाशिक रस्त्यावर तुम्ही कधी ना कधी बघितलं असेल, की एक ट्रक चाललाय पण त्याला ट्रकपण काहीच नाही! दोन लांब पोलादी तुळया, मध्ये आडव्या पट्ट्या, चाकं, इंजिन, स्टिअरिंग, आणि एका साध्या फळीवर बसलेला, तोंडाला रुमाल आणि डोळ्याला गॉगल लावलेला ड्रायव्हर. ही नुसती चेसिस कारखान्यातून बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेली असते. आपल्या एसटीच्या बसगाड्याही वर्षानुवर्षं अशाच, म्हणजे कंपनीकडून चेसिस घ्यायची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधायची. म्हणजे गाडी चालायला बॉडी लागतच नाही. बॉडी हे कपडे.

सगळ्याच गाड्या अशा नसतात. आज आपण चालवतो त्या बहुतेक कारना वेगळी चेसिस नसतेच. पत्र्याचं कवचच सगळा भार पेलतं, त्याला मोनोकॉक म्हणतात. १९२२ च्या लॅन्शिया लॅम्डाने आणि १९३४ च्या सिट्रोएन त्राक्सिओं आवाँने ही वाट दाखवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू जगभरच्या कार तिकडे गेल्या. ट्रक मात्र शिडीसारख्या चेसिसवरच राहिले, कारण तिच्यावर वजन लादता येतं आणि वर टँकर, टिपर, बस काहीही बसवता येतं. फोर्डने १९१७ साली मॉडेल टीचा एक टनी भाऊ, मॉडेल टीटी, बाजारात आणला तेव्हा तो सुरुवातीला नुसती चेसिस म्हणूनच विकला. वर काय बसवायचं ते गिऱ्हाइकाने बघावं.

आता एसयूव्ही नावाचा प्राणी या दोघांच्या मधोमध जन्मला. १९३५ साली शेव्हरोलेने अर्ध्या टनाच्या ट्रकच्या चेसिसवर आठ माणसांची बंद बॉडी बसवली आणि तिला सबर्बन कॅरीऑल असं नाव दिलं. माल न्यायच्या पायावर माणसं बसवली, एवढीच कल्पना. १९४१ पासून लढाईवर गेलेली विलिसची जीपही अशीच शिडीवर उभी होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फक्त ८० इंच.

हा ८० चा आकडा लक्षात ठेवा. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसीच्या शेतावर लढाईतली एक जुनी जीप वापरत होते. ती मोडली तर तिच्या जागी दुसरी जीपच घ्यावी लागेल, मग आपणच का करू नये, असा विचार करून त्यांनी जो पहिला नमुना बनवला तो चक्क जीपच्या चेसिसवर होता! १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली तेव्हा चेसिस रोव्हरची स्वतःची झाली होती, पण व्हीलबेस तोच, ८० इंच. म्हणजे ज्या गाडीच्या खानदानाबद्दल इंग्रज माणूस आजही हळवा होतो, तिचा पहिला अवतार दुसऱ्याच्या धडावर आपलं डोकं ठेवूनच चालला होता.

हा धडाचा आणि डोक्याचा विषय तुम्हाला ओळखीचा वाटत असेल. वेताळ पंचविशीत ती गोष्ट आहे ना, देवीपुढे दोघांची डोकी उडालेली, बायको घाईघाईत भलत्या धडावर भलतं डोकं ठेवते आणि दोघे जिवंत होतात. मग वेताळ विक्रमाला विचारतो, सांग राजा, आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, डोकं प्रधान, ज्याचं डोकं त्याची ओळख. प्रेत परत झाडावर.

मामाचा मिस्त्री करायला निघालाय ते हेच. आणि अमेरिकेत लोक कित्येक वर्षं हौसेने हेच करत आलेत.

तिथली एक ठरलेली जोडी बघू. वरचं डोकं १९६९ ते १९७२ सालच्या शेव्हरोले के-५ ब्लेझरचं. ही ब्लेझर मुळातच कंपनीने पिकअप आखूड करून बनवलेली. व्हीलबेस १०४ इंच, सुरुवातीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, कार्ब्युरेटर, आणि दिसायला अशी देखणी की तिचे आजचे भाव ऐकून घाम फुटावा. खालचं धड २००० ते २००६ या काळातल्या टाहोचं, म्हणजे त्याच कंपनीच्या सिल्व्हराडो पिकअपच्या घराण्यातलं. त्यात फ्युएल इंजेक्शनचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एबीएस, मागे कॉइल स्प्रिंग. अशी एखादी टाहो भंगाराच्या भावात मिळते. जुन्या गाडीत हे सगळं एकेक करून बसवायचं म्हटलं तर वर्षं जातात. त्यापेक्षा जुनी बॉडी उचलायची आणि नव्या चेसिसवर ठेवायची. हिशोब सरळ आहे.

पण 'ठेवायची' या शब्दात सगळी मेख आहे. टाहोचा व्हीलबेस ११६ इंच आणि ब्लेझरचा १०४. म्हणजे चेसिस मधून कापून बारा इंच काढून टाकायची आणि परत जोडायची. हा जोड गाडीचा कणा असतो, म्हणून तो सरळ रेषेत न घेता तिरका किंवा नागमोडी घेतात आणि वर पोलादी पट्टी मारतात. ड्राइव्हशाफ्ट आखूड करायचा. नव्या चेसिसची चाकं जास्त रुंदीवर, ती जुन्या मडगार्डच्या बाहेर डोकावतात, त्याचा बंदोबस्त करायचा. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात, ज्यांना बॉडी माउंट म्हणतात. त्यांच्या जागा दोन्हीकडे वेगळ्या, म्हणून नवीन ब्रॅकेट बनवून वेल्ड करायचे. स्टिअरिंगचा दांडा, पेट्रोलची टाकी, ब्रेकचं पेडल यातलं काहीही जिथे हवं तिथे येत नाही.

आणि मग वायरिंग. इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. १९७० च्या गाडीत इंजिनला किल्लीकडून करंट आला की झालं. २००० च्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर आधी विचारतो, "किल्लीवाल्या भागाकडून परवानगीचा निरोप आलाय का?" तो भाग जुन्या बॉडीबरोबर उकिरड्यावर गेलेला. मग इंजिन सुरू होत नाही, किंवा होतं आणि बंद पडतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड नवा आणला, पण लॉगिन करून देणारी सर्व्हिसच आणायची राहिली. त्यासाठी कॉम्प्युटर नव्याने प्रोग्राम करून चोरीविरोधी तपासणी काढून टाकावी लागते. आपण नाही का बँकेचा वीस वर्षं जुना स्क्रीन तसाच ठेवून मागचा सर्व्हर बदलतो! शाखेतल्या काकूंना वाटतं तीच सिस्टिम आहे, आणि रात्री दोन वाजता फोन आपल्याला येतो.

आता प्रश्न असा की अमेरिकेतच हे एवढं का? एक कारण म्हणजे तिथे मोठ्या गाड्या ट्रकच्या चेसिसवर खूप काळ टिकल्या, आणि त्यामागे कायदा आहे. १९६३ च्या अखेरीस युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली म्हणून चिडून अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर ठोकला. तो १९६४ पासून लागू झाला. कोंबडीच्या भांडणात डेट्रॉइटच्या पिकअपला तटबंदी मिळाली! पुढे १९७५ च्या ऊर्जा कायद्याने गाड्यांच्या मायलेजला किमान मर्यादा घातली, पण ट्रकांना सवलत ठेवली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारसाठी सरासरी २७.५ मैल प्रति गॅलन (साधारण ११.७ किलोमीटर प्रति लिटर) आणि हलक्या ट्रकसाठी २०.७ (साधारण ८.८) अशी मर्यादा होती. ट्रकच्या पायावरची एसयूव्ही कायद्याने ट्रकच. मग कंपन्यांनी तेच केलं. फोर्ड ब्राँको १९६६ साली ९२ इंचाच्या स्वतःच्या चेसिसवर आली होती, तिला १९७८ मध्ये मोठ्या पिकअपच्या आखूड केलेल्या चेसिसवर नेलं. १९९० मध्ये आलेली एक्सप्लोरर रेंजर पिकअपवर बेतलेली. म्हणजे अंगणात बॉडी बदलणारा हौशी मेकॅनिक काही वेगळं करत नव्हता. कंपनीने जे कारखान्यात केलं तेच तो तीस वर्षांनी उलट्या बाजूने करत होता.

इंग्लंडची गोष्ट आणखी गंमतशीर. जुन्या सीरीज लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची (युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून), ती गंजत नाही, पण खालची पोलादी चेसिस गंजते. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरचं नेमकं उलटं. चेसिस दणकट, कॉइल स्प्रिंगची, पण बॉडीचा आतला पोलादी सांगाडा गंजून चाळण व्हायचा. एकाचं धड गेलेलं, एकाचं डोकं गेलेलं. दोन अर्ध्या मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी करणं हे तिथल्या हौशी लोकांना सुचलं नसतं तरच नवल. १०० इंचाची रेंज रोव्हर चेसिस कापून ८८ इंच करायची आणि वर जुनी बॉडी ठेवायची. आणि कंपनीने तरी काय केलं? १९८३ मध्ये वन टेन आणि १९८४ मध्ये नाइंटी आणली. चेहरा बराचसा जुना आणि खाली रेंज रोव्हरच्या धर्तीची कॉइल स्प्रिंग. हीच पुढे डिफेंडर झाली.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि त्या चेहऱ्याने आपल्या देशात किती दशकं काढली ते वेगळं सांगायला नको. पुण्यात टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल पिकअप आणली आणि १९९१ ची सिएरा त्याच पिकअपच्या पायावर उभी केली. आणि २०१० सालची पहिली थार आठवा. वरून बघावं तर जुनी जीप, खाली मात्र पुढच्या चाकांना लीफ स्प्रिंगऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आणि बॉनेटखाली अडीच लिटरचं कॉमन-रेल डिझेल. म्हणजे मिस्त्री सांगतोय तेच, फक्त कंपनीने रीतसर तपासण्या करून केलेलं.

ही 'रीतसर' भानगड महत्त्वाची. कारण इथे वेताळाचा प्रश्न परत येतो आणि सरकार विक्रमाच्या बरोबर उलटं उत्तर देतं.

ब्रिटनच्या परवाना खात्याने वर्षानुवर्षं यासाठी चक्क मार्कांची पद्धत चालवली. चेसिसला ५ गुण, सस्पेन्शन २, ॲक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २, इंजिन १. जुना नंबर टिकवायचा तर ८ गुण हवेत, आणि चेसिस मूळची किंवा त्याच मापाची नवी, न कापलेली हवी. अशा गाडीच्या वरच्या बॉडीला गुण किती? शून्य! ज्याला आपण बघताक्षणी "अरे, लँड रोव्हर!" म्हणतो, ती गोष्ट हिशोबातच नाही. चेसिस बारा इंच कापली की पाचही गुण गेले. मग गाडी नव्याने तपासून घ्यायची आणि 'क्यू' अक्षराची पाटी लावायची, जिचा अर्थ 'वय आणि ओळख अनिश्चित'.

अमेरिकेत तर या ओळखीपायी गाड्या जप्त झाल्या. तिथे परदेशी गाडी सुरक्षेचे नियम न पाळता आणायची तर ती किमान २५ वर्षं जुनी हवी. मग नव्या डिफेंडरवर जुन्या गाडीचा नंबर लावून आणण्याचे प्रकार सुरू झाले. २०१३ साली अमेरिकन कस्टम्सने अशी एक डिफेंडर यंत्रात घालून चिरडली. २०१४ च्या जुलैमध्ये सरकारने एकाच मोहिमेत सुमारे ४० डिफेंडर मालकांच्या दारातून उचलून नेल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना कोर्टबाजी करून परत मिळाल्या, पण विचार करा, ज्याने विश्वासाने पैसे मोजले त्याला गाडी 'ती' आहे हे सिद्ध करायला वकील लावावा लागला. हा मोह का होतो तेही उघड आहे. कागदावरचं साल म्हणजे पैसा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणीच नाही. मग वरच्या बॉडीवरची १९७२ ची पाटी कोण सोडेल, खाली २००५ चं लोखंड असलं तरी?

आणि आपल्याकडे? आपल्या आरसीवर दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनचा. बॉडीला नंबर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात जे नमूद केलंय त्यापेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा पिकअपच्या चासीवर मामाचं खोकं ठेवलं तर ती कायद्याने मामाची जीप राहत नाही. ती कुणाच्या तरी ॲक्सिडेंट झालेल्या पिकअपवर केलेला बेकायदा बदल होते. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिल्यांदा चासी नंबरच बघणार.

सुरुवातीला मला हा कायदा जरा रुक्ष वाटला. पण वाचत गेलो तसं पटलं. पिकअपची चेसिस तिच्या स्वतःच्या केबिनचा विचार करून बनवलेली असते. धडक बसली की कुठे चेपायचं आणि कुठे नाही, ते दोघांनी मिळून ठरलेलं असतं. वर १९८९ चं उघडं खोकं ठेवलं की तो करार मोडला. आणि मधला तो वेल्डिंगचा जोड चुकला असेल तर तो गॅरेजच्या दारात तुटत नाही. तो तुटतो उसाची मोळी आणि चार माणसं घेऊन घाट उतरताना. अमेरिकेतला हौशी माणूस रविवारी एकटा फिरायला जातो, मामाच्या जीपमध्ये अख्खं घर बसतं.

मामाला फोन करून सगळं सांगितलं. कोंबडीचा कर सोडून! (तो सांगितला असता तर अर्धा तास त्यावरच गेला असता.) मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे सरकारच्या लेखी माझी जीप म्हंजे खालचं गंजकं लोखंड?"

"हो."

"आन् मला वाटत होतं वरचं खोकं."

"तसंच आहे मामा."

थोडा वेळ दोघेही गप्प. मग म्हणाला, "तुझ्या आजोबांनी मागच्या फाळक्यावर पांढऱ्या रंगानं नाव घातलं होतं. ते मी तीनदा गिरवलंय. म्हंजे ते अक्षर आता माझंच म्हणायचं का त्यांचं?"

याचं उत्तर ना मोटार वाहन कायद्यात आहे, ना विक्रमाकडे.

शेवटी ठरलं असं. पिकअपच्या चासीला नाही म्हणायचं. खोकं उतरवायचं, जुनीच चासी साफ करून किती कुजलीय ते एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यायचं. दुरुस्त होण्यासारखी असेल तर तीच दुरुस्त करायची. नसेल तर जीप गोठ्याशेजारी उभी राहील आणि मामा भाजी न्यायला दुसरी गाडी घेईल. मिस्त्री नाराज झालाय, त्याने पिकअपवाल्याला शब्द दिला होता म्हणे. पुढच्या शनिवारी खोकं उतरवणार आहेत, चार माणसं लागतील. मी जातोय. त्यामुळे पुढच्या आठवड्यात इथे काही नवीन नसेल, त्याबद्दल आधीच माफी.